पिरियापट्टणचा संबंध

लग्नकार्यात, सोसायटीच्या गणपतीत किंवा दाताच्या डॉक्टरांकडे बसलेलं असताना मी काय काम करते हे कुणाला कळलं, की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. मी ते वहीत लिहून ठेवले आहेत, कारण मी सगळंच लिहून ठेवते. एक, तुमच्याकडे पिस्तूल आहे का? दोन, वेषांतर करता का? तीन, तुमच्या मागे कधी कोणी लागलं का? आणि चौथा, जो आवाज खाली आणून विचारला जातो: आमच्या इमारतीत कुणाचं काही चालू आहे का?

उत्तरं अशी. पिस्तूल नाही. पर्समध्ये छत्री, दोन पेनं, पाण्याची बाटली आणि दुरुस्तीला द्यायचा एक ब्लाउज असतो. वेषांतराचं म्हणाल, तर पन्नाशीची, चष्मा लावणारी, कापडी पिशवी घेतलेली बाई मुळात कुणाला दिसतच नाही, वेगळं काही करावं लागत नाही. माझ्या मागे फक्त कुत्री लागली आहेत, तीही एकदाच, म्हैसूरबाहेरच्या येलवालमध्ये. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, पण विचारणाऱ्याचा चेहरा लक्षात ठेवते.

गेली अकरा वर्षं मी म्हैसूरमधल्या एका छोट्या खासगी चौकशी संस्थेत काम करते. नवऱ्याची नोकरी इथे आली म्हणून साताऱ्याहून आले, मुलगी शाळेत रुळली, घर लागलं, कपाटं लावून झाली आणि मला काही काम उरेना. संस्था चालवतात नंजप्पा सर. ते निवृत्त पोस्टमास्तर आहेत. पोलिसातला माणूस असेल असं लोकांना वाटतं, पण सरांचं म्हणणं असं, की गावात कोण कुठून कुठे राहायला गेलं आणि का गेलं, हे पोस्टाइतकं कुणालाच माहीत नसतं. त्यांनी माझी मुलाखत घेतली तेव्हा मी माझी वही पुढे केली. त्यात घरातल्या गॅस सिलिंडरच्या तारखा, मुलीच्या लशी आणि शेजाऱ्यांच्या गाड्यांचे नंबर होते. सरांनी दोन पानं चाळली आणि कन्नडमध्ये म्हणाले, "उद्यापासून या."

काम साधं आहे. लग्नाआधीची चौकशी, नोकरीला ठेवायच्या माणसाचा पत्ता आणि पूर्वीचं काम खरं आहे का हे पाहणं, आणि कधीमधी दुरावलेला भाऊ शोधून देणं. सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे जुनी लग्नपत्रिका. हळदीकुंकवाची बोटं लावलेली पत्रिका हातात घेऊन कुठल्याही गल्लीत उभं राहा आणि पत्ता सापडत नाही असा चेहरा करा. पाच मिनिटांत तीन माणसं मदतीला येतात आणि दहा मिनिटांत त्या घराची तीन पिढ्यांची माहिती मिळते. कुणालाही धाक दाखवावा लागत नाही. आपल्याला काहीतरी माहीत आहे आणि समोरच्याला ते हवं आहे, एवढ्याने माणूस खुलतो.

गुप्तहेराच्या गोष्टी का खपतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. लहानपणी साताऱ्याच्या वाचनालयातून मीही त्या रोज एक या वेगाने वाचल्या. त्यातला नायक कुठल्याही घरात शिरतो आणि त्याला कधीच कुणाला 'मी कुठे होतो' ते सांगावं लागत नाही. दहा ठिकाणी जाताना दहा जणांना सांगून जावं लागणाऱ्या मुलीला हे किती मोठं वाटत असेल, ते मुली ओळखतील. पण खरं आकर्षण वेगळं असावं असं मला या धंद्यात आल्यावर वाटायला लागलं. ते मला एका गिऱ्हाइकाने शिकवलं.

सत्तरीचे, इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ ऑफिसात आले आणि म्हणाले, एका माणसावर आठवडाभर पाळत ठेवायची आहे. नाव विचारलं, तर त्यांनी स्वतःचंच सांगितलं. सरांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"माझ्यावरच," गृहस्थ म्हणाले. "सकाळी नऊपासून बारापर्यंत. काय करतो ते लिहून द्या."

काम मला मिळालं. इतकं सोपं काम पुन्हा मिळालं नाही. मी मागे पडले की ते दुकानाच्या काचेत केस सारखे करत थांबायचे. रस्ता ओलांडताना वळून बघायचे, मी आले ना याची खात्री करून मगच पुढे. आठवड्याने मी अहवाल दिला. 'दहा वीस ते दहा पन्नास, तलावाकाठच्या बाकावर बसले. दोनदा घड्याळ पाहिले. एका लहान मुलीची टोपी उडाली, ती उचलून दिली.' हे वाक्य त्यांनी मोठ्याने वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "टोपीचं पण लिहिलंत." पुढच्या आठवड्यासाठीही ते तयार होते. सरांनी नाही म्हटलं, आणि दर बुधवारी ऑफिसात कॉफीला यायला सांगितलं. ते अजून येतात.

तर आकर्षण असं आहे. कुणीतरी आपल्याकडे इतकं नीट बघावं, ही एक इच्छा. आणि दुसऱ्याचं खरं काय ते आपल्याला त्याच्या नकळत समजावं, ही दुसरी. पहिल्या इच्छेने कुणाचं वाईट होत नाही. दुसरीने होतं, आणि ते कसं, हे मी माझ्याच चुकीवरून सांगू शकते.

जोगळेकर नावाचे एक निवृत्त इंजिनियर येलवालच्या बाजूला राहतात. वीस वर्षांपूर्वी पुण्याहून आले. त्यांची एकुलती मुलगी मुग्धा आणि तिच्या कंपनीतला मनोज यांनी लग्न ठरवलं होतं. मनोज इथल्या जुन्या मराठी कुटुंबातला. ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसुरात आहेत, बहुतेकांचा शिवणकामाचा धंदा, घरात विठ्ठल आणि बोलण्यात मराठी, पण त्या मराठीत निम्मी कन्नड. साखरपुड्याला तीन आठवडे होते. जोगळेकरांना मुलीच्या नकळत मुलाची चौकशी हवी होती.

"मुलगा चांगलाच वाटतो हो," ते म्हणाले, "पण आम्ही बाहेरचे. इथलं आम्हाला काय कळणार?"

एक अट त्यांनी घातली. अहवाल मराठीत हवा, पत्नीला वाचता यावा म्हणून. एरवी आमचे अहवाल इंग्रजीत असतात आणि नंजप्पा सर प्रत्येक ओळ तपासतात. मराठी त्यांना वाचता येत नाही. तेव्हा मला यात काही गैर वाटलं नाही. उलट मराठी लिहायला मिळणार म्हणून मी खूश होते.

मनोजच्या घरासमोर रखमाजीराव नावाच्या म्हाताऱ्या टेलर-कटरचं दुकान आहे. मी ब्लाउज घेऊन गेले. बाह्यांचं बोलणं झालं आणि मी विषय काढला.

"या गल्लीत मनोज म्हणून कुणी आहेत का? कंपनीत नोकरी करतात."

"आमच्या समोरच्यांचा मनोज? का हो, ताई?"

"आमच्या ओळखीत एक मुलगी आहे."

"अय्यो, उशीर केलात की हो! त्याचं जुळलं आता. कंपनीतलीच मुलगी. ती मंडळी म्हाराष्ट्राकडची, तुमच्यासारखीच भरभर बोलतात म्हणे."

"आणि याआधी त्याचं काही?"

रखमाजीरावांनी खडू कानावर ठेवला. "होता की. पिरियापट्टणात एक संबंध होता त्याचा. वर्षभर चालला. जाणं-येणं, सणाला साडी, सगळं होतं. मग सुटला."

"का सुटला?"

"आता ते सुम्ने, उगाच कशाला काढायचं, ताई? पोरीचं नाव उगी तोंडावर आणू नये. बाह्या कोपरापर्यंत ठेवू का वर?"

आमच्या चौकशीच्या फॉर्मात बेचाळीस रकाने आहेत, ते मीच तयार केले. नियमही माझाच: प्रतिकूल माहिती एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन माणसांकडून मिळाल्याशिवाय लिहायची नाही. म्हणून मी पलीकडच्या रस्त्यावरच्या फुलवालीकडे गेले. शेवंतीचे दोन हार घेतले आणि कन्नडमध्ये विचारलं. ती म्हणाली, "हौदु, पिरियापट्टणदल्ली ओंदु संबंध इत्तु." हो, पिरियापट्टणात एक संबंध होता. दोन माणसं, दोन भाषा, तीच माहिती. मी दोन बरोबरच्या खुणा केल्या आणि घरी येऊन लिहिलं:

'सदर व्यक्तीचे पिरियापट्टण येथील एका तरुणीशी सुमारे एक वर्ष संबंध होते. परस्परांकडे जाणे-येणे व साड्यांची भेट. संबंध संपुष्टात आल्याचे कारण परिचित सांगू इच्छित नाहीत.'

शेवटचं वाक्य मला विशेष आवडलं होतं. दोन दिवसांनी जोगळेकरांचा फोन आला. "तुम्ही आम्हाला वाचवलंत," ते म्हणाले. त्यांनी नकार कळवला होता. कारण कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलासुद्धा नाही. मी वहीत त्या प्रकरणावर 'पूर्ण' असा शिक्का मारला. माझ्याकडे असा शिक्का आहे.

आठवड्याने मी ब्लाउज आणायला गेले. खोटं निमित्त करून दिलेला असला तरी ब्लाउज खरा होता, आणि वस्तू अर्धवट सोडणं मला जमत नाही. रखमाजीराव ब्लाउजची घडी घालत म्हणाले, "ताई, तुमच्या ओळखीत मुलगी आहे म्हणालात ना? माझ्याकडे एक फस्ट क्लास संबंध आहे तिच्यासाठी."

मी पर्समधून पैसे काढत होते ती तशीच थांबले.

"काय आहे?"

"संबंध! हुणसूरचा. मुलगा बँकेत आहे. एकदा बघून घ्या, बघायला काय जातंय?"

"म्हणजे स्थळ?"

"स्थळ म्हंजे जागा की हो. हुणसूर हे स्थळ. मुलगा म्हंजे संबंध." आणि मग माझ्याकडे नीट बघत, "तुमच्याकडे मुलालाच स्थळ म्हणतात? तो काय प्लॉट आहे?"

ते स्वतःच्या विनोदावर हसत होते आणि मी काय लिहून बसले होते ते मला कळलं. कन्नडमध्ये ठरवून करायच्या लग्नाच्या बोलणीला संबंध म्हणतात. संबंध येतो, संबंध बघतात, संबंध जुळतो, संबंध सुटतो. अकरा वर्षं मी हे रोज ऐकत होते. पण त्या दिवशी मराठी चाललं होतं, म्हणून माझ्या कानाने तो शब्द साताऱ्याच्या अर्थाने घेतला. फुलवालीने तो कन्नडमध्ये सांगितला, तोवर अर्थ माझ्या डोक्यात पक्का झाला होता. दोन साक्षीदारांनी मला खरं तेच सांगितलं होतं. खोटी फक्त माझी ओळ होती.

"मनोजचा पण सुटला," रखमाजीराव आता हसत नव्हते. त्यांनी खुंटीवरचा कोट दाखवला. गडद निळा, पांढऱ्या धाग्याने कच्ची शिवण घातलेला. "साखरपुड्याचा. पुरा करू का उसवून टाकू, कोणी सांगत नाही. पोराला विचारायची हिंमत होत नाही मला. त्याने तिला फोन केला तर ती पण रडते आणि म्हणते, मला कारण माहीत नाही. कोणी काय सांगितलं, देवाला ठाऊक."

मी तिथेच बाकावर बसून यादी केली. एक, सरांना सांगणे. दोन, जोगळेकरांना सांगणे. तीन, हा आकडा लिहिला आणि पुढे काही सुचलं नाही.

सरांनी शांतपणे ऐकलं. आमचा नियम असा, की चूक झाली तर गिऱ्हाइकाला लेखी दुरुस्ती द्यायची आणि बाजूला व्हायचं. ज्याची चौकशी केली त्याच्यासमोर कधीही जायचं नाही. "पत्र लिहा," ते म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "पत्र पोचेल. पण माझी तीस वर्षं पोस्टात गेली, मॅडम. पोचलेली पत्रं लोक किती वेळा उघडत नाहीत, ते मी बघितलंय."

पत्र लिहिलं आणि ते घेऊन मी त्याच दिवशी चारनंतर स्वतःच जोगळेकरांकडे गेले. ते एकटे होते, पत्नी देवळात गेल्या होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी दुरुस्तीचा कागद दोनदा वाचला.

"झालं ते झालं," शेवटी म्हणाले. "आता मोडलंय ते. पुन्हा जोडायचं तर मुग्धाला सांगावं लागेल, की मी माणूस लावला होता. ती मला माफ नाही करणार. आणि तुम्ही गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे."

"केली आहे."

"मग विषय संपला."

ते दारापर्यंत सोडायला उठले. मी उठले नाही. माझ्या सगळ्या नोकरीत असं मी प्रथमच केलं. "मुग्धा किती वाजता येते?" मी विचारलं. ते म्हणाले, साडेपाच. तेव्हा पाच वाजले होते. "तुम्ही सांगा," मी म्हणाले, "नाहीतर मी सांगते. कागदावर सही मी केली आहे, तक्रार तुम्ही जरूर करा."

अर्धा तास आम्ही समोरासमोर बसलो. त्यांनी पंखा लावला, बंद केला, पुन्हा लावला. मुग्धा आली, तिने चपला काढल्या आणि अनोळखी बाईला बघून हसली. आठवडाभर न झोपलेल्या माणसाचं हसू होतं ते. जोगळेकर उठून पुन्हा पंख्याच्या बटणाकडे गेले. मग मी बोलले.

"मी सुनीता मोहिते. चौकशीचं काम करते. मनोजची चौकशी मी केली. माहिती मी चुकीची लिहिली आणि तुमचं लग्न त्यामुळे मोडलं." अकरा वर्षांत कामावर असताना मी माझं खरं नाव सांगितलं नव्हतं.

तिने सगळं उभ्यानेच ऐकलं. रखमाजीरावांचं वाक्य मला जसंच्या तसं म्हणायला लावलं. मग ती हसली, आणि हसता हसताच तिचा चेहरा बदलला. "एका शब्दावरून, बाबा?"

"मला तुझी काळजी—"

"पिरियापट्टणचं मला माहीत होतं! त्याने पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. तुम्ही मला विचारलं असतं तर चहा पिता पिता सांगितलं असतं." मग माझ्याकडे वळून, "रविवारी मी त्यांच्याकडे जाणार. बाबा येतील. आणि तुम्हीही. हे जसं मला सांगितलंत तसंच मनोजच्या आईला सांगायचं."

त्या गल्लीत मी पुन्हा कधी काम करू शकणार नव्हते. मी हो म्हटलं.

रविवारी सकाळी मनोजच्या घरी आम्ही सहा जण होतो: मनोज, त्याचे आईवडील, मुग्धा, जोगळेकर आणि मी. खिडकीतून समोरचे रखमाजीराव मला बघत होते आणि ब्लाउजवाल्या ताई इथे कशा, हे त्यांना उमगत नव्हतं. मी सगळं सांगितलं. मनोज मान खाली घालून बसला होता. त्याचे वडील भिंतीकडे बघत होते. त्याच्या आईने मात्र एकदाही नजर हलवली नाही.

"आमचं घर बघायचं होतं तर समोरच्या दारातून यायचं की हो," त्या म्हणाल्या. "कॉफी तरी मिळाली असती."

मग त्यांनी माझ्या पर्सकडे बोट केलं.

"वही आणली आहे का?"

"आहे."

"मग लिहा. अर्धवट नको, पुरतं लिहा. ह्याच्या अप्पांना शुगर आहे. चोरून मैसूरपाक खातात."

"अगं!" वडील म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. लिहा, ताई. ह्याला राग येतो, अर्धा तास राहतो. बारावीला गणितात उडाला, दुसऱ्या खेपेला पास. झोपेत बडबडतो, ते पण कन्नडमध्ये."

"मग मला सगळंच कळेल की," मुग्धा म्हणाली आणि मनोज पहिल्यांदा हसला.

"आणि पिरियापट्टणचं लिहा, नीट. त्या मुलीला पुढं शिकायचं होतं. घरचे सोडत नव्हते. तिने ह्याला सांगितलं. तर ह्याने आपणच नको म्हणून कळवलं, वाईटपणा सगळा आपल्या डोक्यावर घेतला. तिला बोल लागू नये म्हणून. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी तोंड उघडत नाही. ती आता बेंगळूरला शिकते."

मी लिहिलं. ज्या ओळीने लग्न मोडलं होतं, ती त्या बेचाळीस रकान्यांतली मुलाच्या बाजूची सर्वांत भक्कम ओळ होती. पान भरलं. दुसरं अर्धं भरलं. माझ्या हातून इतका पूर्ण अहवाल ना आधी झाला, ना नंतर. साखरपुडा पंधरा दिवस उशिरा झाला आणि मला बोलावणं होतं, पण मी सांगते आहे ते त्या सकाळचं.

बाईंनी पदर सारखा केला आणि जोगळेकरांकडे वळल्या.

"आमचं झालं. आता तुमच्या घरचं सांगा."

जोगळेकर खुर्चीत सरळ झाले. एकदा मुलीकडे बघितलं. मी नवं पान काढलं आणि वर त्यांचं नाव लिहिलं.

"पहिलं म्हणजे," ते म्हणाले, आणि घसा खाकरला, "मी घरच्यांना विचारायचं सोडून बाहेर माणूस लावतो."

"लिहा," मनोजच्या आई मला म्हणाल्या, आणि कॉफी आणायला आत गेल्या.